स्वगत

नाटकातील पात्र मनातले विचार मोठ्याने बोलते आणि मंचावरच्या इतर पात्रांना ते ऐकू येत नाहीत असे मानले जाते, त्या भाषणाला स्वगत म्हणतात. नट मागच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात बोलतो, पण दोन हातांवर उभ्या असलेल्या सहनटाच्या कानी काही पडत नाही. या लटक्या गोष्टीला प्रेक्षक तिकीट काढतानाच संमती देऊन बसलेला असतो. म्हणून पात्र एकटे आहे की नाही यापेक्षा ऐकणारा कोण हे ठरवणे स्वगतात महत्त्वाचे.

संस्कृत नाट्यशास्त्राने संवादांची वर्गवारी याच कसोटीवर केली. सर्वांना ऐकू जाते ते ‘प्रकाश’, कोणालाच नाही ते ‘स्वगत’ किंवा ‘आत्मगत’. मधल्या दोन परी अधिक गमतीच्या आहेत. इतरांना वगळून एकमेकांत बोलायचे ते ‘जनान्तिक’; त्या वेळी नट अनामिका दुमडून ‘त्रिपताक’ हस्त आडवा धरतो. तोंड फिरवून एखाद्यालाच गुपित सांगायचे ते ‘अपवारित’. कालिदासाच्या शाकुंतलातील पहिल्या अंकात दुष्यंत झाडांआडून शकुंतलेला न्याहाळत स्वगते बोलतो. पुढे तो समोर आल्यावर दोन्ही सख्या ‘आज तात येथे असते तर’ अशी तिची थट्टा करतात, ती जनान्तिकात. राजा शेजारी बसलेला असून ‘ऐकत नाही’. थट्टेची सारी गंमत या न ऐकण्यात आहे.

मराठी रंगभूमीवर स्वगताचे बस्तान एकदम बसले नाही. १८४३ साली सांगलीला ‘सीतास्वयंवर’ करणाऱ्या विष्णुदास भाव्यांच्या नाटकांत सूत्रधार पदे म्हणे आणि त्यांच्या अनुरोधाने पात्रे आयत्या वेळी सुचेल ते बोलत. पात्राच्या मनात काय चालले आहे हे सांगण्याचे काम बरेचसे सूत्रधारच उरकत असे. राम गणेश गडकऱ्यांच्या नाटकांत (गडकरी : १८८५–१९१९) मन स्वतःच बोलू लागले, आणि भरभरून बोलू लागले. ‘एकच प्याला’तील सुधाकराची भाषणे उपमा-उत्प्रेक्षांनी इतकी गच्च आहेत की ती निम्मी कविताच वाटतात; त्यांचा कर्ता ‘गोविंदाग्रज’ या नावाने कवी होता हे विसरता येत नाही. या नाटकातील पदे मात्र विठ्ठल सीताराम गुर्जरांची. संगीत नाटकातले पद हेही पुष्कळदा गायलेले स्वगतच असते. फरक इतकाच, की त्याला ‘वन्समोअर’ मिळतो आणि पात्राला तेच दुःख पुन्हा नव्याने करावे लागते.

योगायोग असा, की वाशीच्या नाट्यगृहाला विष्णुदास भाव्यांचे नाव आहे आणि ठाण्यात मासुंदा तलावाकाठच्या रंगायतनाला गडकऱ्यांचे. खाडीच्या दोन बाजूंना स्वगताआधीची रंगभूमी आणि त्याचा कळस अशी नावे लागली आहेत.

नॉर्वेजियन नाटककार इब्सेनच्या प्रभावाखाली दिवाणखान्याची नाटके आली तसे स्वगत जुनाट ठरले. खऱ्या आयुष्यात माणूस एकटा बोलत नाही, हा आक्षेप. तो फारसा टिकत नाही. खऱ्या दिवाणखान्याला चौथी भिंत असते आणि तिच्या जागी हजारभर माणसे बसलेली नसतात. शिवाय १९७० साली रंगभूमीवर आलेल्या शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’ने दीर्घ स्वगते घेऊनच प्रेक्षक बांधून ठेवला. तेथे पात्रच जुना नट असल्याने त्याचे मोठ्याने बोलणे कोणालाही खटकत नाही.

कवितेत याचे भावंड म्हणजे नाट्यात्म एकभाषित, एकाच पात्राच्या तोंडची कविता. इंग्रजीत कवी ब्राउनिंगने ते गाजवले. मराठीत त्याच्याशी नाते सांगणारा गद्य प्रकार दिवाकरांनी (१८८९–१९३१) नाट्यछटा म्हणून रुजवला. पण नाट्यछटा स्वगत नव्हे. तिच्यात समोर कोणीतरी असतो, त्याचे बोलणे आपल्याला बोलणाऱ्याच्या उत्तरांवरून ताडावे लागते. संस्कृतात ‘किं ब्रवीषि’ म्हणजे ‘काय म्हणतोस?’ असे विचारत चालणारे ‘आकाशभाषित’ याच जातीचे. ठाण्याहून सुटलेल्या लोकलमध्ये शेजाऱ्याचा फोन चालू असतो तेव्हा आपण तेच ऐकतो : “पोचले का पाहुणे?… बाई गं, सगळे?… मग वरणात पाणी घाल.” पलीकडचा एक शब्दही कानी न पडता घरातला गोंधळ डोळ्यांपुढे उभा राहतो. शाळांच्या एकपात्री स्पर्धांत स्वगत, नाट्यछटा आणि मनोगत एकाच टोपलीत टाकतात. मग मूल प्रेक्षकांकडे बघत, हातवारे करत अंतर्मनातले बोलते आणि ते भाषण वाटते.

तालमीत स्वगताची अडचण बोलणाऱ्यापेक्षा न बोलणाऱ्याची असते. स्वगत चालू असताना बाकीच्यांनी गोठून उभे राहायचे, की आपले काम चालू ठेवायचे? संहिता बहुधा काहीच सांगत नाही. प्रकाशयोजनेने बोलणाऱ्याला वेगळे काढले की प्रश्न निम्मा सुटतो. उरलेला निम्मा नवख्या नटापाशी अडतो. तो कौतुकाने बोलणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत राहतो, आणि याने सगळे ऐकले हे पहिल्या रांगेला कळून चुकते.