थवा उडाला की चित्र का अडखळतं?

जुन्या चार कोअरच्या पीसीवर एक माहितीपट लावला होता. तळ्यावर धुकं, काठाला हजारो पक्षी, सगळं कसं निवांत. मग कशानं तरी दचकून अख्खा थवा एकदम उठला आणि चित्र गोठलं. आवाज पुढे निघून गेला, पंखांची फडफड ऐकू येत राहिली, पक्षी मात्र हवेत लटकलेले. दोनेक सेकंदांनी चित्र धापा टाकत आवाजाला गाठायला धावलं. मी दृश्य मागे घेऊन पुन्हा लावलं, या वेळी शेजारी टास्क मॅनेजर उघडा ठेवून. प्रोसेसरचा वापर होता २८ टक्के.

म्हणजे जवळजवळ तीन चतुर्थांश प्रोसेसर हातावर हात ठेवून बसलेला, आणि तरी चित्र अडखळतंय. होम थिएटर पीसी जुळवताना लोक गिगाहर्ट्झ आणि कोअर मोजतात. मीही तेच करायचो. त्या २८ टक्क्यांचा उलगडा झाल्यावर मोजायचं थांबवलं.

आधी ओझं किती ते पाहू. फुल एचडी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट धरले तर एक फ्रेम सहा एमबीच्या थोडी वर जाते. सेकंदाला २४ फ्रेम या हिशोबानं दोन तासांच्या चित्रपटाला हजार जीबीहून जास्त जागा लागेल. डोळ्याला उजेडातला फरक जितका बारीक कळतो तितका रंगातला कळत नाही, म्हणून रंगाची बरीचशी माहिती सुरुवातीलाच छाटतात. तरी पाचशे जीबीच्या वर उरतातच. आणि दोन थरांच्या ब्लू-रे डिस्कवर जागा असते ५० जीबी. मधली सगळी तफावत कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवण्याची आणि पुन्हा उलगडण्याची रीत, भरून काढतो.

कशी, तर चक्क कामचुकारपणा करून. २००३ मध्ये आलेला एच.२६४ घ्या. तो अधूनमधून एखादी फ्रेम पूर्ण साठवतो. त्यानंतरच्या फ्रेमसाठी 'हा चौकोन मागच्या चित्रातलाच, फक्त चार ठिपके डावीकडे सरकलाय' एवढंच लिहून ठेवतो, आणि जे जुळत नाही तेवढा फरक सोबत जोडतो. भिंतीसमोर बसून बोलणारा माणूस दाखवायचा असेल तर कोडेकला जवळजवळ सुट्टीच. पण थवा उठला की पंचाईत होते. प्रत्येक पक्ष्याची दिशा वेगळी, मागचं आभाळ क्षणाक्षणाला झाकतंय आणि उघडतंय, मागच्या फ्रेममधला कुठलाच चौकोन जसाच्या तसा सापडत नाही. मग फरकांचे ढीग लिहावे लागतात. पाऊस, उसळतं पाणी, जुन्या फिल्मवरचा रवाळपणा यांचंही तसंच. फाइलीचा सरासरी बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला लागणारे बिट, दहा मेगाबिट दिसत असला तरी अशा दोन-चार सेकंदांत तो त्याच्या कित्येक पट होऊ शकतो. ब्लू-रेमध्ये व्हिडिओला सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत मुभा आहे.

उलगडणाऱ्याला मात्र वेळ वाढवून मिळत नाही. सेकंदाला २४ फ्रेम म्हणजे प्रत्येक फ्रेमला ४१.७ मिलिसेकंद, ६० फ्रेम असतील तर १६.७. प्लेअर चार-पाच फ्रेम आधीच उलगडून हाताशी ठेवतो, पण ती शिल्लक थव्यापुढे किती पुरणार? म्हणून चित्रपटभराची सरासरी बघण्यात काही हशील नाही. मशीन कसं आहे ते सगळ्यात अवघड दोन सेकंदांत कळतं.

आता ते २८ टक्के. एच.२६४ मध्ये बिट दाबून बसवण्याची शेवटची पायरी असते, तिला कॅबॅक म्हणतात. पुढचा बिट शून्य असेल की एक, याचा अंदाज ती आतापर्यंत वाचलेल्या बिटांवरून बांधते, आणि प्रत्येक बिटानंतर तो अंदाज बदलते. दाबण्याची ही रीत अफलातून आहे, पण घोडं पेंड खातं ते इथेच. मधल्या पानापासून वाचायला सुरुवात करताच येत नाही, कारण आधीची पानं वाचल्याशिवाय मधलं अक्षरच लागत नाही. चार वाचक असले तरी एक वाचणार आणि तिघं त्याच्या तोंडाकडे बघणार. चार कोअरपैकी एक कोअर पूर्ण राबला की टास्क मॅनेजरमध्ये २५ टक्के दिसतात. उरलेले तीन टक्के आवाज आणि इतर किरकोळ कामांचे.

यावर तोडगे आहेत. फ्रेमचे आडवे तुकडे स्वतंत्रपणे दाबले तर प्रत्येक तुकडा वेगळ्या कोअरला देता येतो. ब्लू-रेच्या नियमांत वरच्या पातळीच्या एच.२६४ साठी एका फ्रेमचे किमान चार तुकडे करणं बंधनकारकच आहे. घरी बनवलेल्या फाइलींत बहुधा एकच अखंड तुकडा असतो. त्यामुळे डिस्क सुरळीत चालते आणि तिच्यापेक्षा लहान असलेली फाइल रडते, असा उलटा प्रकारही कधीकधी दिसतो. शहाणे प्लेअर लागोपाठच्या फ्रेम वेगवेगळ्या कोअरना वाटून देतात. माझा प्लेअर त्यांच्यातला नव्हता.

पण मुळात हे काम प्रोसेसरच्या कोअरनं करायचंच कशाला? कोअर म्हणजे हुशार कारकून. सांगाल ते लिहून देईल, पण प्रत्येक अक्षर हातानं. तोच मजकूर लाखो वेळा उमटवायचा असेल तर रबरी शिक्का बरा. त्याला दुसरं काही येत नाही, मात्र एका ठोक्यात काम होतं आणि दमणूकही नाही. चिपच्या एका कोपऱ्यात असा शिक्का कोरलेला असतो, म्हणजे व्हिडिओ उलगडण्यापुरतंच बनवलेलं सर्किट. इंटेल, एएमडी, एनव्हिडिया तिघंही ते देतात, आणि ते ग्राफिक्सच्या भागात बसतं. कोअरला हजारो सूचना एकेक करून वाचाव्या लागतात, तिथे या सर्किटात तारांची जोडणीच ठरलेली असते. म्हणून वीज खूप कमी लागते, उष्णताही कमी आणि पंखाही गप्प. सिनेमातल्या शांत प्रसंगी कॅबिनेटमधून घरघर ऐकणं काय असतं, हे ज्याला माहीत आहे त्याला याचं मोल वेगळं सांगायला नको.

शिक्क्याची अडचणही शिक्क्यासारखीच. मजकूर बदलला की तो बाद. कोडेक नवा आला तर कोरलेल्या सर्किटात कुठलाही अपडेट तो घालू शकत नाही. म्हणून प्रोसेसर निवडताना पहिला प्रश्न हा, की माझ्या फाइली कुठल्या कोडेकमध्ये आहेत आणि या चिपमध्ये त्याचा शिक्का आहे का.

एच.२६४ ची काळजी सोडून द्या, गेल्या दहा-बारा वर्षांतल्या जवळपास कुठल्याही ग्राफिक्समध्ये तो आहे. २०१३ च्या एचईव्हीसी या पुढच्या कोडेकपाशी जपून पाहावं लागतं, कारण फोरके, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांच्या, डिस्कवर तो दहा बिटांत येतो. आठ बिटांत एका रंगाच्या २५६ छटा होतात, दहा बिटांत १०२४; संध्याकाळच्या आभाळात पट्टे दिसतात की नाही ते यावर ठरतं. इंटेलच्या सहाव्या पिढीच्या सर्किटात आठ बिटांचा एचईव्हीसी पूर्ण आहे, दहा बिटांचा पूर्णपणे आला तो सातव्या पिढीत. जुनं मशीन स्वस्तात घेताना सहावी आणि सातवी पिढी सारखीच वाटते. गिगाहर्ट्झमध्ये फरक नगण्य. फोरके एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला दाखवणारी) फाइल लावली की एकीवर पंखा किंचाळतो आणि दुसरी ढिम्म असते.

त्यानंतरचा एव्ही१ हा २०१८ चा. त्याचा शिक्का इंटेलच्या अकराव्या पिढीपासून, एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३० मालिकेपासून आणि एएमडीच्या आरएक्स ६००० पासून मिळतो. त्यातही मेख आहे. आरएक्स ६५०० एक्सटी हे त्याच मालिकेतलं कार्ड, बाजारात आलं उशिरा, २०२२ मध्ये, पण त्यात एव्ही१ नाही. नाव नवं म्हणून आतलंही नवं असेलच असं नाही. दुसरी मेख इंटेलच्या नावाच्या शेवटी येणाऱ्या 'एफ' या अक्षरात. अशा प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सच चालू नसतं, म्हणजे शिक्काही नाही. तो थोडा स्वस्त मिळतो, कोअर भरपूर असतात, आणि वेगळं कार्ड लावेपर्यंत टीव्हीवर काहीच दिसत नाही.

याच्या अगदी उलट टोकाला इंटेलची एन१०० ही २०२३ ची चिप आहे. चार साधे कोअर, सहा वॅटचा हिशोब. मोठ्या कामाला लावली तर बापुडवाणी. पण तिच्यात एच.२६४, दहा बिटांचा एचईव्हीसी आणि एव्ही१ असे तिन्ही शिक्के आहेत, त्यामुळे फोरके चित्रपट ती सहज ओढते. निव्वळ बघण्यासाठी मशीन हवं असेल तर माझं मत अशाच एखाद्या चिपला. सोळा कोअर घेऊन त्यांना झोपवून ठेवण्यात काय अर्थ?

कारकुनाची गरज अगदीच संपते असं मात्र नाही. अ‍ॅनिमेचे शौकीन बरीच वर्षं दहा बिटांचा एच.२६४ वापरत आले, आणि पीसीच्या ग्राफिक्समध्ये त्याचा शिक्का वर्षानुवर्षं कुणी कोरलाच नाही. तिथे काम कोअरवरच येतं. फुल एचडीपुरतं म्हणाल तर आजचे चार बरे कोअर ते निभावून नेतात. एव्ही१ ची चिप नसेल तर व्हीएलसी प्लेअरवाल्या व्हिडिओलॅनच्या प्रकल्पातून आलेला डेव्हिड नावाचा सॉफ्टवेअर डीकोडर, म्हणजे व्हिडिओ उलगडणारा प्रोग्राम, कोअरकडून इतकं चोख काम करून घेतो की फुल एचडीला फारशी कुरकुर होत नाही. एचडीआर चित्रपट साध्या पडद्यावर दाखवायचा, किंवा लहान चित्र खास गाळण्या लावून मोठं करायचं, तर भार ग्राफिक्सवर पडतो. तिथे अंगभूत ग्राफिक्स कमी पडू शकतं. ते प्रोसेसरच्याच मेमरीतून वाटा घेतं, म्हणून मदरबोर्डला मेमरीचे दोन चॅनेल (मार्ग) असतील तर रॅमची एकच पट्टी लावून दुसरं मोकळं ठेवू नये.

माझा जुना पीसी निवृत्त झाला आणि त्याच्या जागी तळहाताएवढी पेटी आली. पहिल्याच संध्याकाळी तोच थवा लावला. एमपीव्ही प्लेअरमध्ये 'आय' हे बटण दाबलं की किती फ्रेम सुटल्या तो आकडा पडद्यावर येतो. थवा उठला, आभाळभर पसरला, आकडा शून्य. मात्र नंतर कॅमेरा क्षितिजावरून संथ सरकू लागला, तेव्हा चित्राला बारीक बारीक गचके बसत होते. आकडा तरीही शून्यच.

हे दुखणं निराळं. सेकंदाच्या २४ फ्रेम ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र उमटवणाऱ्या, पडद्यावर बसवायच्या तर एक फ्रेम तीनदा, पुढची दोनदा अशी दाखवावी लागते. एक ५० मिलिसेकंद टिकते, दुसरी ३३. संथ हालचालीत ही लंगडी चाल डोळ्याला खुपते. प्लेअरला पडद्याचा दर फाइलीप्रमाणे बदलायची मुभा दिली, टीव्ही २४ हर्ट्झवर गेला, गचके थांबले. पण साधारण ४२ सेकंदांनी एक हलकासा ठेचकाळा यायचा. घड्याळ लावून पाहिलं तर नेमानं यायचा. १९५३ मध्ये अमेरिकेत रंगीत टीव्हीसाठी सेकंदाच्या ३० फ्रेमचा दर किंचित घटवून २९.९७ केला, त्याची सावली चित्रपटांच्या फाइलींवर अजून आहे. त्या चालतात २४ ला १००१ भागिले १००० या प्रमाणात मंद, म्हणजे २३.९७६ नं. पडदा नेमका २४ वर असेल तर दर ४१.७ सेकंदांनी त्याला एक फ्रेम कमी पडते आणि तो आधीचीच पुन्हा दाखवतो. सेटिंगमध्ये २३ आणि २४ असे दोन पर्याय शेजारी शेजारी होते. मी २४ निवडला होता.