पार्श्वभूमी : युरोपातले रस्ते देशागणिक वेगळे का?

युरोपात गाडीनं फिरून आलेला माणूस घरी परतला की दोन गोष्टी हमखास सांगतो. एक म्हणजे, जर्मनीत गाडी ताशी दोनशेनं पळवता येते. आणि दुसरी, तिकडच्या लोकांच्या रक्तातच शिस्त असते. पहिली गोष्ट बऱ्याच अंशी खरी आहे. दुसरी मला कधीच पटली नाही, आणि हे टिपण त्यासाठीच लिहितो आहे. सीमा ओलांडली की तिथं पाटीचा रंग बदलतो, टोलची पद्धत बदलते, दुसऱ्या गाडीनं दिलेल्या डिपरचा अर्थसुद्धा बदलतो. जर्मनीत हायवेवर मागून डिपर आला तर ‘बाजूला हो’, आणि इंग्लंडमध्ये समोरच्यानं दिला तर बहुतेक वेळा ‘तू आधी जा’. या फरकांच्या मागे लोकांचा स्वभाव शोधायला गेलं की हाती काही लागत नाही. कोणत्या साली कोणी काय ठरवलं हे पाहिलं की मात्र बरंच उलगडतं.

सुरुवात रस्त्याच्या बाजूपासून करू, कारण तिचा एक धागा थेट आपल्यापर्यंत येतो. पोर्तुगालनं १९२८ साली डावी बाजू सोडून उजवी धरली. वसाहतींनाही तोच नियम लागू व्हायचा, पण ज्या वसाहतींच्या सीमेपलीकडे वाहतूक डावीकडून होती त्यांना वगळलं गेलं. गोवा त्यातलाच. लिस्बनमध्ये गाड्या उजवीकडून आणि पणजीत डावीकडून, असं तेहतीस वर्षं चाललं. त्यामुळे १९६१ साली गोवा मुक्त झाला तेव्हा बांद्याकडून पत्रादेवीला येणाऱ्या ड्रायव्हरला बाजू बदलण्याचा प्रश्नच आला नाही.

मध्य युरोपात हा निर्णय इतक्या शांतपणे झाला नाही. पहिल्या महायुद्धानंतरच्या ऑस्ट्रियात एकाच देशात दोन बाजू होत्या. स्वित्झर्लंडला लागून असलेला फोरार्लबर्ग प्रांत १९२१ पासून उजवीकडून चालायचा आणि व्हिएन्ना डावीकडून. १९३८ साली हिटलरनं ऑस्ट्रिया गिळला आणि त्याच वर्षी व्हिएन्नाही उजवीकडे गेलं. मार्च १९३९ मध्ये जर्मन सैन्य प्रागमध्ये शिरलं आणि तिथली बाजूही बदलली. १९४१ मध्ये हंगेरी. आज व्हिएन्ना ते बुडापेस्ट हा प्रवास सलग उजवीकडून होतो तेव्हा त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. पण त्यातला मोठा भाग रणगाड्यांबरोबर आलेला आहे, हे विसरता येत नाही.

स्वीडननं मात्र हेच काम लोकांना सोबत घेऊन केलं. खरं तर आधी लोक विरोधातच होते. १९५५ च्या सार्वमतात सुमारे ८३ टक्के लोकांनी डावी बाजूच ठेवा असं सांगितलं होतं. अडचण अशी की शेजारचे नॉर्वे आणि फिनलंड उजवीकडून चालायचे, आणि स्वीडनमधल्या बहुतेक मोटारींचं स्टिअरिंगही डावीकडेच असायचं. अशा गाडीतून डाव्या बाजूनं जाताना ओव्हरटेक करायचा म्हणजे अर्धी गाडी बाहेर काढल्याशिवाय समोरचं दिसणार नाही. अरुंद रस्त्यावर समोरासमोर धडका व्हायच्या त्या यामुळेही. शेवटी संसदेनं १९६३ मध्ये निर्णय घेतला आणि चार वर्षं तयारी चालली. नव्या पाट्या उभारून त्या झाकून ठेवल्या गेल्या. रविवार, ३ सप्टेंबर १९६७ ची पहाट उजाडली. रात्री एकपासून खाजगी गाड्यांना बंदी होती. पहाटे ४.५० ला रस्त्यावर जी काही वाहनं होती ती सगळी थांबली, सावकाश दुसऱ्या बाजूला सरकली आणि पुन्हा थांबली. बरोबर पाचला निघायची परवानगी मिळाली. लाखो पाट्या बदलल्या, बसना दुसऱ्या बाजूला दारं बसवली, स्टॉकहोमच्या शहरातल्या ट्रामही याच सुमारास गेल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात आइसलँडनंही बाजू बदलली. ब्रिटन, आयर्लंड, माल्टा आणि सायप्रस तेवढे डावीकडे राहिले.

हायवेची गोष्ट सांगताना जर्मनीचं नाव पहिलं घेतलं जातं. मान पहिला इटलीचा आहे. पिएरो पुरिचेल्ली या अभियंत्यानं मिलानपासून तलावांच्या प्रदेशाकडे जाणारा, फक्त मोटारींसाठीचा रस्ता आखला आणि सप्टेंबर १९२४ मध्ये मिलान ते वारेसे हा टप्पा खुला झाला. बैलगाडी नाही, सायकल नाही, आणि पहिल्या दिवसापासून टोल. हा टोल इटलीच्या अंगवळणी पडला तो कायमचा. जर्मनीत कोलोन ते बॉन हा रस्ता ६ ऑगस्ट १९३२ रोजी कोलोनचे महापौर कोनराड आडेनाउअर यांनी खुला केला. म्हणजे हिटलर सत्तेवर येण्याच्या आधी. ‘हायवे हिटलरनं दिले’ हे वाक्य आपल्याकडेही कौतुकानं बोललं जातं म्हणून हे नीट सांगायला हवं. कल्पना आणि आराखडे त्याच्या आधीचे होते. त्यानं सप्टेंबर १९३३ मध्ये फ्रँकफर्टजवळ फावडं हाती घेऊन फोटो काढून घेतले आणि पुढे युद्धकाळात याच रस्त्यांवर युद्धकैद्यांना आणि ज्यू वेठबिगारांना राबवलं.

फ्रान्सला हायवेची घाई नव्हती, कारण त्यांचे जुने रस्तेच उत्तम होते. पूल आणि रस्ते बांधणाऱ्या सरकारी अभियंत्यांचं दल तिथं १७१६ सालीच उभं राहिलं होतं. दुतर्फा झाडांचे ते सरळसोट रस्ते त्याच परंपरेतले. नंतर निकड भासली तेव्हा सरकारकडे पैसा नव्हता, म्हणून १९५५ च्या कायद्यानं टोल घ्यायला मुभा दिली. जर्मनीत मोटारीला आजही टोल नाही, ट्रकला २००५ पासून आहे. स्वित्झर्लंडनं १९८४ मध्ये लोकांचा कौल घेतला आणि १९८५ पासून काचेवर वर्षाचं स्टिकर लावायची पद्धत आणली. एकाच आल्प्स पर्वताच्या तीन अंगांना पैसे भरायच्या तीन तऱ्हा दिसतात त्या अशा.

आता त्या प्रसिद्ध वेगाबद्दल. जर्मन हायवेवर वेगमर्यादा नसणं ही काही अनादि परंपरा नाही. नाझी सरकारनं १९३४ मध्ये मर्यादा उठवल्या आणि युद्ध तोंडावर आल्यावर १९३९ मध्ये पेट्रोल वाचवायला पुन्हा आणल्या. पश्चिम जर्मनीनं १९५२ मध्ये त्या सगळ्या काढल्या, अगदी शहरातल्याही. गावात ताशी ५० ची मर्यादा आली १९५७ मध्ये, साध्या रस्त्यांवर १०० ची आली १९७२ मध्ये. मधल्या काळात काय झालं ते आकडाच सांगतो. १९७० या एका वर्षात पश्चिम जर्मनीत रस्त्यांवर १९ हजारांहून जास्त माणसं गेली. १९७३ च्या तेलसंकटात हायवेवरही काही महिने १०० ची मर्यादा लागली. तेव्हा वाहनचालकांच्या सर्वांत मोठ्या संघटनेनं ‘मुक्त नागरिकांना मुक्त रस्ता’ अशा घोषणेची मोहीम काढली, आणि मर्यादा गेली. उरली ती १३० ची निव्वळ शिफारस. आजही मोठ्या भागांत तेवढीच आहे. त्याच काळात पूर्व जर्मनीत १०० च्या वर जायची सोय नव्हती. माणसं तीच, भाषा तीच, कुटुंबंसुद्धा दोन्हीकडे वाटली गेलेली. रक्तातल्या शिस्तीचा सिद्धांत इथंच कोसळतो.

फ्रान्सची कथा मला सगळ्यांत अस्वस्थ करते. १९७२ साली तिथं रस्ते-अपघातांत १६ हजारांहून अधिक माणसं मेली. दक्षिणेतल्या माझामे या गावाची लोकसंख्या जवळपास तेवढीच होती. १७ मे १९७३ रोजी त्या गावाची माणसं घराबाहेर आली आणि रस्त्यावर आडवी झाली. दुकानदार, शाळकरी मुलं, म्हातारी माणसं. टीव्हीचे कॅमेरे वरून फिरले आणि देशानं पाहिलं की एका वर्षाचे मृत म्हणजे नेमके किती. आकडा वाचणं वेगळं आणि गल्लीबोळांतून पसरलेली एवढी शरीरं बघणं वेगळं. त्याच वर्षी गावाबाहेर पुढच्या सीटवर बेल्ट सक्तीचा झाला आणि पुढच्या वर्षी हायवेला १३० ची मर्यादा आली. आज फ्रान्समधला आकडा साडेतीन हजारांच्या खाली आहे, आणि गाड्या तर तेव्हापेक्षा कितीतरी वाढल्या आहेत.

त्याच सुमारास नेदरलँड्समध्ये आईबाप रस्त्यावर उतरले. १९७१ मध्ये तिथं चारशेहून जास्त मुलं वाहनांखाली गेली होती. ‘मुलांची हत्या थांबवा’ हे आंदोलनाचं नावच होतं, त्यात कसलीही आडवळणाची भाषा नव्हती. डच सायकल-मार्गांचे फोटो आपण आवडीनं पाहतो, पण या आंदोलनाशिवाय ते मार्ग आजच्यासारखे झाले नसते. १९७६ मध्ये तिथल्या कायद्यानं वस्तीतली अशी गल्ली मान्य केली जिथं मोटारीनं माणसाच्या चालीनं जायचं आणि खेळणाऱ्या पोरांचा मान आधी. स्वीडन १९९७ मध्ये आणखी पुढे गेलं. माणूस चुकणारच, तेव्हा त्या चुकीला मरणाची शिक्षा होणार नाही असा रस्ता बांधणं ही बांधणाऱ्याची जबाबदारी, असं तिथल्या संसदेनं मान्य केलं. त्यातून तीन लेनचा रस्ता आला. मध्ये पोलादी तारांचा कठडा, आणि जादा लेन कधी या बाजूला, कधी त्या बाजूला. समोरासमोरची धडक तिथं जवळजवळ अशक्यच होते.

सर्कलचा नियमही असाच घडला. फ्रान्समध्ये उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं हा जुना दंडक. तोच सर्कललाही लावला की आत शिरणाऱ्याला मान मिळतो आणि आतल्या गाड्या अडकून बसतात. ब्रिटननं १९६६ मध्ये आत फिरणाऱ्याला प्राधान्य दिलं आणि कोंडी सुटली. फ्रान्सनं १९८० च्या दशकात तेच स्वीकारलं, आणि आज तिथं सर्कलचा सुकाळ आहे. पॅरिसच्या विजयकमानीभोवतीच्या सर्कलमध्ये मात्र जुनाच नियम राहिला. बारा रस्ते येऊन मिळतात, आत शिरणारा हक्कानं शिरतो, आणि आतला ब्रेक लावून थांबतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो गोंधळ वाटतो. नियम कळला की प्रत्येक गाडी का थांबली ते कळतं.

आयर्लंडचं एक उदाहरण मुद्दाम देतो. १९७९ मध्ये ड्रायव्हिंग टेस्टसाठी तिथं इतकी मोठी रांग लागली होती की सरकारनं थांबलेल्या हजारो लोकांना टेस्ट न घेताच पक्कं लायसन्स देऊन टाकलं. आज हाच देश युरोपातल्या सुरक्षित देशांत गणला जातो. २० जानेवारी २००५ रोजी त्यांनी वेगाच्या पाट्या मैलांवरून किलोमीटरवर आणल्या. ब्रिटनचा भाग असलेल्या उत्तर आयर्लंडमध्ये मैलच आहेत. आजही सीमेवर नाका दिसत नाही, पाटीवरचा आकडा तेवढा बदलतो.

पूर्वेकडे हा सगळा काळ उशिरा सुरू झाला. अल्बानियात १९९१ पर्यंत खाजगी मोटार बाळगायला बंदीच होती. म्हणजे तिथं आज गाडी चालवणाऱ्या पन्नाशीतल्या माणसाच्या वडिलांनी बहुधा कधी स्टिअरिंग धरलंच नाही. पोलंडमध्ये २०११ साली रस्त्यांवर चार हजारांहून अधिक मृत्यू झाले, २०२२ मध्ये दोन हजारांच्या खाली. मधल्या वर्षांत युरोपीय निधीतून हायवे झाले, २०१२ च्या फुटबॉल स्पर्धेआधी वॉर्सा ते जर्मन सीमा हा ए२ जोडला गेला, जुन्या दुपदरी रस्त्यावरची ट्रकची गर्दी हटली. अकरा वर्षांत स्वभाव बदलत नाही, रस्ता बदलतो.

रोमानिया अजून मागे आहे. २०२३ मध्ये स्वीडनमध्ये दर दहा लाख लोकांमागे सुमारे २२ जण रस्त्यावर गेले, रोमानियात ८० च्या आसपास. ईशान्येकडच्या सुचावा भागात तर हायवेच नव्हता. तिथल्या एका उद्योजकानं मार्च २०१९ मध्ये स्वतःच्या पैशानं हायवे बांधला. एक मीटर लांबीचा. डांबर, पांढरे पट्टे, सगळं रीतसर. उद्घाटनाच्या दिवशी त्यानं देशाला पंधरा मिनिटं काम थांबवायला सांगितलं, आणि अनेक शहरांत लोक खरोखर थांबले. आता दक्षिणेकडून त्या दिशेनं येणाऱ्या ए७ चं काम चालू आहे आणि काही टप्प्यांवरून गाड्या धावू लागल्या आहेत. सुचावाला तो अजून पोचायचा आहे.