३०८१ आणि ३०८०

बिटकॉइनचा नोड (त्याच्या जाळ्यातला एक संगणक) चालवणं म्हणजे मायनिंग (नवी नाणी कमावणं) नव्हे, आणि त्यातून दमडीही मिळत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर फोन सुरू होतात. व्यवहारांच्या गठ्ठ्यांची, म्हणजे ब्लॉकांची, साखळी स्वतः तपासायची आणि मागेल त्याला पुरवायची, एवढंच नोडचं काम. लातुरात इंजिनीअरिंग करणाऱ्या एखाद्या पोराच्या खोलीतला जुना लॅपटॉपही ते करू शकतो.

अडतं ते डिस्कवर. २००९ पासूनची साखळी ५०० जीबीच्या पुढे गेली आहे. म्हणून ‘प्रूनिंग’ची सोय आहे. नोड पहिल्यापासूनचा प्रत्येक ब्लॉक तपासतो, पण जुने ब्लॉक पुसत जातो. तपासणीत तो कुठेच कमी नसतो. फक्त जुनं काही मागितलं तर त्याच्याकडे ते नसतं.

हे समोरच्याला कळतं कसं? दोन नोड जोडले गेले की पहिला संदेश जातो ‘व्हर्जन’. त्यात सेवांसाठी ६४ बिटांचा एक आकडा असतो आणि प्रत्येक बिट एकेका सेवेचा. बिटांची किंमत १, २, ४, ८ अशी दुप्पट होत जाते, आणि देता येणाऱ्या सेवांच्या किमतींची बेरीज कळवली जाते. १ म्हणजे माझ्याकडे पूर्ण साखळी आहे. ८ म्हणजे सेगविटच्या (सह्या वेगळ्या ठेवण्याच्या) नियमांप्रमाणे सह्यांसकट ब्लॉक देतो. १०२४ म्हणजे निदान शेवटचे २८८ ब्लॉक तरी नक्की देतो. २०४८ म्हणजे कूटबद्ध जोडणी चालते. बेरीज ३०८१. आपल्या लॅपटॉपने प्रूनिंग केलंय, त्याचा पहिला १ गेला, म्हणून तो ३०८० सांगतो.

एकाचाच फरक, पण वेळेला तो नडतो. समजा वळवाच्या वाऱ्यात विजेचे खांब आडवे झाले आणि लॅपटॉप तीन दिवस बंद राहिला. साधारण दहा मिनिटांना एक ब्लॉक धरला तर २८८ ब्लॉक म्हणजे दोन दिवस. लाइट आल्यावर त्याला चारशेहून जास्त ब्लॉक हवे असतात, आणि ते मिळण्याची खात्री ३०८१ वाल्याकडेच.

हे आकडे फक्त समोरासमोर सांगितले जात नाहीत. नोड एकमेकांना इतरांचे पत्ते कळवतात, तेव्हा प्रत्येक पत्त्यासोबत त्याच्या सेवाही जातात. ही झाली ऐकीव माहिती. त्यातला नोड मधल्या काळात बदललेलाही असू शकतो. थेट जोडणी झाली की ताजा आकडा मिळतो, पण तोही दावाच, कारण त्यावर कुणाचा शिक्का नसतो. कृषी सेवा केंद्राच्या पाटीवर सगळी खतं असतात, डीएपी आहे का ते आत जाऊन विचारल्यावरच कळतं. मागितलेला ब्लॉक वेळेत आला नाही, तर नोड ती जोडणी तोडतो आणि दुसरीकडे मागतो. आलेला ब्लॉक तर तपासल्याशिवाय घेतच नाही, त्यामुळे खोट्या जाहिरातीने वेळ जातो, खोटा ब्लॉक गळी उतरत नाही.

सेवा मागेही घेता येते. ४ हा आकडा ब्लूम फिल्टरचा. मोबाइल वॉलेटला फक्त आपल्यापुरते व्यवहार निवडून घेता यावेत, म्हणून ही सोय होती. पण मागणाऱ्याची खासगी माहिती त्यातून फुटायची, आणि कुणीही फुकटात पुरवणाऱ्या नोडला कामाला जुंपायचा. २०१९ मध्ये बिटकॉइन कोअरने, म्हणजे बहुतेक नोड ज्यावर चालतात त्या सॉफ्टवेअरने, ती आपोआप सुरू ठेवणं थांबवलं. नव्या आवृत्तीवर गेलेल्या नोडांच्या बेरजेतून ४ गळाला. ज्यांना ती सेवा द्यायचीच आहे, ते सेटिंग बदलून आजही देतात.