सिमकार्डवाला कॅमेरा ट्रॅप

समोरून प्राणी गेला की आपोआप फोटो टिपणारा आणि तो मोबाइल नेटवर्कवरून लगेच फोनवर पाठवणारा, झाडाला बांधायचा कॅमेरा. साध्या कॅमेरा ट्रॅपमध्ये फोटो मेमरी कार्डावर साठतात आणि कार्ड काढून आणायला कोणालातरी जंगलात जावे लागते. यात सिमकार्ड आणि मोडेम असल्याने ती फेरी वाचते. ताडोबा-अंधारी, मेळघाट, पेंच, नवेगाव-नागझिरा आणि बोर असे पाच व्याघ्र प्रकल्प विदर्भात आहेत. ब्रह्मपुरीसारख्या वनविभागात तर प्रकल्पाच्या हद्दीबाहेरही वाघांचा मोठा वावर आहे. त्यामुळे इथे या कॅमेऱ्याचा विचार गावाला वगळून करता येत नाही.

कॅमेऱ्याच्या दर्शनी भागात उष्णता ओळखणारा सेन्सर असतो. भोवतालच्या तापमानाहून वेगळ्या तापमानाचे काही समोर हलले की तो कॅमेऱ्याला जागे करतो. रात्री इन्फ्रारेड दिवे लागतात. 850 नॅनोमीटर तरंगलांबीच्या दिव्यांचा पल्ला चांगला असतो, पण समोरून पाहिले तर विझत्या निखाऱ्यासारखे लाल ठिपके दिसतात. 940 नॅनोमीटरचे दिवे डोळ्यांना दिसत नाहीत, मात्र त्यांचा उजेड लांब जात नाही. फोनवर येतो तो बहुधा आकाराने लहान केलेला फोटो असतो. मूळ फोटो कार्डावरच राहतो.

नुसती गणना करायची असेल तर सिमची गरज नाही. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, आणि डाव्या-उजव्या कुशीवरचे पट्टेही सारखे नसतात. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना साधारण गुडघ्याच्या उंचीवर साधे कॅमेरे जोडीने लावतात. 2018 च्या राष्ट्रीय व्याघ्रगणनेत 26,838 ठिकाणी कॅमेरे लावून सुमारे 3 कोटी 48 लाख फोटो मिळाले होते. त्या गणनेत महाराष्ट्रात 312 वाघांचा अंदाज होता, 2022 मध्ये तो 444 झाला. हे काम कार्डावर उत्तम चालते, कारण फोटो पंधरा दिवसांनी हाती आला तरी हिशेबात काही फरक पडत नाही.

जंगल आणि शेत जिथे भिडते तिथे मात्र पंधरा दिवसच काय, पंधरा मिनिटेही फार असतात. मार्च-एप्रिलात मोहफुले वेचायला माणसे भल्या पहाटे जंगलात शिरतात, मे महिन्यात तेंदूपत्त्यासाठी जातात. वेचणारा माणूस खाली वाकलेला असतो, आणि पहाट हीच वाघाच्या फिरण्याचीही वेळ असते. रब्बीत शेतपंपाला पाळीप्रमाणे रात्रीची वीज आली की शेतकऱ्याला बॅटरी घेऊन हरभऱ्याला पाणी द्यायला निघावेच लागते. अशा वेळी नाल्याच्या काठावरून धुऱ्याकडे निघालेल्या वाघाचा फोटो वनरक्षकाच्या फोनवर आला आणि त्याने गावातल्या प्राथमिक प्रतिसाद दलाच्या, म्हणजे वनखात्याला मदत करणाऱ्या पथकातल्या पोरांना उठवले, तरच त्या फोटोचा उपयोग. पुढचे काम माणसांचे असते: कोण फोन उचलतो, कोण पांदणीच्या तोंडाशी उभा राहून लोकांना थांबवतो. फोटो मध्यरात्री येऊन सकाळी पाहिला गेला, तर त्या कॅमेऱ्यात आणि कार्डवाल्या कॅमेऱ्यात काही फरक उरत नाही. ताडोबाच्या बफरमधील, म्हणजे गाभ्याभोवतालच्या पट्ट्यातील सीतारामपेठ येथे गावाच्या कडेला असे कॅमेरे बसवले गेले, जे प्राणी ओळखून गावाला इशारा देतात. संगणकाने आधीच छाननी केली की गाय-बैलांच्या फोटोंनी फोन भरत नाही, ही त्यातली मोठी सोय.

विदर्भाचे हवामान या यंत्राची परीक्षा पाहते. चंद्रपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो. दगड-मातीच प्राण्याच्या अंगाइतकी किंवा त्याहून जास्त तापते आणि सेन्सरला फरकच कळत नाही. पाणवठ्यावर जनावरांची सर्वाधिक ये-जा असते नेमक्या त्याच दिवसांत भर दुपारी फोटो निसटतात. उलट लेन्ससमोर गवताची एक काडी राहिली तर ती उन्हात डुलते आणि तासाभरात शेकडो रिकामे फोटो जाऊन डेटा आणि सेल दोन्ही संपतात. म्हणून कॅमेरा बांधणारा आधी कोयत्याने समोरचे गवत साफ करतो, मग स्वतः रांगत पुढून जाऊन फोटो निघतो का ते पाहतो. सौर पॅनेल लावले तर सागाच्या जंगलात उन्हाळ्यात पानगळीमुळे ऊन भरपूर मिळते, पण पावसाळ्यात वर ढग आणि झाडांना गच्च पाने. पेटीत मुंग्या घर करतात, वानरे पट्टा ओढतात, अस्वल पेटी चाटून-चावून पाहते. आणि कित्येकदा कारण अगदी साधे असते: रिचार्ज संपलेला असतो.

नेटवर्क हीच खरी मर्यादा. मेळघाटच्या दऱ्यांत किंवा भामरागडच्या आतल्या भागात सिग्नल मिळणे कठीण. दुबळ्या सिग्नलवर मोडेम पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतो आणि सेल लवकर उतरतात. म्हणून कॅमेऱ्याची जागा ठरवताना पगमार्क, म्हणजे वाघाच्या पावलांचे ठसे, जितके पाहतात तितकेच फोनवरचे सिग्नलचे दांडेही पाहावे लागतात. प्रकल्पाच्या आतल्या गाभा क्षेत्रात साधा कॅमेरा आणि गावाच्या कडेला सिमचा, ही वाटणी त्यामुळेच शहाणपणाची ठरते.

जंगलात कॅमेरा लावायला वनखात्याची परवानगी लागते आणि ती लागायलाच हवी. सरपणाला, तेंदूपत्त्याला जाणाऱ्या बायांचेही फोटो हा कॅमेरा काढतो. उत्तराखंडातील कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात अशा कॅमेऱ्यांमुळे महिलांचा खासगीपणा भंगल्याचे आणि त्यांना धाक दाखवला गेल्याचे केंब्रिज विद्यापीठातील संशोधनातून 2024 मध्ये समोर आले. तेव्हा कॅमेरा कुठे आहे हे ग्रामसभेत आधी सांगणे आणि माणसांचे फोटो लगेच पुसणे ही किमान अट असली पाहिजे. प्राण्याच्या फोटोचेही तसेच आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर ठिकाणासह फिरलेला वाघाचा फोटो शिकाऱ्यालाही पोचतो आणि गाड्या घेऊन धावणाऱ्या हौशी छायाचित्रकारांनाही. जाणते वनरक्षक म्हणूनच गावाच्या ग्रुपवर फोटो टाकत नाहीत. ‘आज नाल्याकडच्या पांदणीनं जाऊ नका, ढोरं घरीच बांधा’ एवढाच निरोप जातो.