अ‍ॅप बनवून घेण्याआधी: आमच्या ग्राहकांसाठी माहिती

अ‍ॅपचं काम कोडपासून नव्हे, कागदापासून सुरू होतं. समजा, तुमची मेस आहे आणि डबे घरपोच जातात. ग्राहकाला रोज लागतं ते तीनच गोष्टींपुरतं: आज भाजी काय, उद्याचा खाडा आणि महिन्याचा हिशेब. पहिल्या आवृत्तीत एवढंच घ्या. कुपनं, पॉइंट, चॅट हे सगळं नंतर.

प्रत्येक स्क्रीनसाठी एक कोरा कागद घ्या आणि पेन्सिलीने चौकट काढा. खाड्याच्या स्क्रीनवर बटण काढलं की प्रश्न सुरू होतात. खाडा किती वाजेपर्यंत चालेल? चुकून दाबला तर रद्द कसा करायचा? दाबताना नेट गेलं, तर खाडा लागला की नाही हे ग्राहकाला कुठे दिसणार? ही उत्तरं तुम्ही दिली नाहीत, तर प्रोग्रॅमर आपल्या अंदाजाने ठरवतो आणि वाद बिलाच्या दिवशी निघतो. वेळेची मर्यादा आम्ही नेहमी सर्व्हरच्या घड्याळावर मोजतो, कारण फोनचं घड्याळ कोणालाही मागे करता येतं.

कागद पक्के झाले की तेच फिग्मामध्ये (स्क्रीनचं डिझाइन करायचं सॉफ्टवेअर) उतरवायचे. बोट नीट बसावं म्हणून अँड्रॉइडवर बटणाची जागा किमान 48 डीपी, आयफोनवर 44 पॉइंट (दोन्ही स्क्रीनवरची मापं) ठेवतात. मजकूर पहिल्यापासून खराखुरा मराठीच टाका. इंग्रजीवर बेतलेल्या ओळीत वेलांट्या आणि रफार वरून कापले जातात, उकार खालच्या ओळीला चिकटतात. ओळीची उंची अक्षराच्या दीडपट धरली की बहुतेक वेळा निभावतं. फोनची अक्षरं सर्वांत मोठी करूनही एकदा बघाच. चाळिशी लागलेले ग्राहक तशीच ठेवतात.

कोडसाठी आम्ही फ्लटर हे गूगलचं साधन सुचवतो. एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींचं अ‍ॅप निघतं, मात्र कोडमधून आयफोनची आवृत्ती तयार करायला मॅक संगणक लागतोच. तुमचे बहुतेक ग्राहक अँड्रॉइडवाले असतील तर आधी तेवढंच करा. चाचणी डबे पोचवणाऱ्या मुलाच्या साध्या फोनवर घ्या, मालकाच्या नव्या फोनवर नको.

ओटीपीचा एसएमएस पाठवायचा असेल तर डीएलटी नोंदणी (मोबाईल कंपनीकडे एसएमएसचा मजकूर आधी नोंदवणं) पहिल्याच आठवड्यात सुरू करा. नोंदवलेल्या मजकुराशी पाठवलेला मजकूर जुळला नाही, तर मोबाईल कंपनी तो अडवते. कोड बरोबर असतो, तरी ओटीपी येत नाही.

गूगल प्ले आणि अ‍ॅपलची डेव्हलपर खाती तुमच्याच नावावर हवीत, याबाबत आम्ही आग्रही आहोत. डेव्हलपरच्या खात्यावर अ‍ॅप टाकलं आणि उद्या तो सोडून गेला, तर अपडेट देणं तुमच्या हातात राहत नाही. गूगल प्लेची फी एकदाच 25 डॉलर, अ‍ॅपलची दरवर्षी 99. 13 नोव्हेंबर 2023 नंतर उघडलेल्या वैयक्तिक प्ले खात्याला, अ‍ॅप सर्वांसाठी खुलं करण्याआधी, आणखी एक अट आहे: किमान 12 जण सलग 14 दिवस चाचणीत सामील हवेत. मधेच गळती होईल हे धरून वीसेक जण गोळा करा. अ‍ॅपचा पॅकेज आयडी (स्टोअरमधली त्याची तांत्रिक ओळख) विचार करून ठरवा, प्रसिद्ध झाल्यावर तो बदलत नाही. गोपनीयता धोरणाची लिंक हवी, आणि अ‍ॅपमध्ये खातं उघडता येत असेल तर ते कायमचं काढून टाकायची सोयही.

अँड्रॉइडच्या नव्या आवृत्तीनुसार गूगल दरवर्षी अपडेट मागतं, त्यामुळे देखभालीचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरा.