राज्य बुडालं, शक उरला

इ.स. 651 मध्ये आजच्या तुर्कमेनिस्तानातल्या मर्वजवळ सम्राट तिसरा यज्दगर्द मारला गेला आणि इराणमधली सासानी घराण्याची चार शतकांची सत्ता संपली. त्याचा मुलगा पेरोज जीव वाचवून पूर्वेला तोखारिस्तानात, म्हणजे आजच्या उत्तर अफगाणिस्तानाच्या बाजूला गेला. अरब फौजा मागावर होत्या. त्याने मदत मागितली ती चीनच्या तांग दरबाराकडे.

तांग सैन्याने नुकताच पश्चिमी तुर्कांचा पाडाव केला होता. मध्य आशियाचा एवढा मुलूख थेट सांभाळणं शक्य नव्हतं, म्हणून स्थानिक राजांनाच चिनी हुद्दे देऊन कारभार त्यांच्याकडे ठेवला जाई. 661 मध्ये सम्राट गाओझोंगने पेरोजलाही याच व्यवस्थेत बसवलं. ‘पर्शिया’ नावाचा लष्करी प्रांत कागदावर उभा राहिला. त्याचं ठाणं सिस्तानमधलं (आजच्या इराण-अफगाणिस्तान सीमेवरचा प्रदेश) जरंज असावं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. राजधानी चांगआनपासून (आजचं शिआन) हे अंतर चार हजार किलोमीटरहून अधिक. तिथवर फौज आणि रसद पोचणार कशी? प्रांत फार टिकला नाही. काही वर्षांनी पेरोज चांगआनला आला, सेनापतीची पदवी मिळवून तिथेच राहिला आणि तिथेच वारला.

त्याचा मुलगा नर्सेह याची कहाणी मला अधिक दुखरी वाटते. 679 मध्ये त्याला गादीवर बसवायला म्हणून पेई शिंगज्येन हा सेनानी मोठ्या लवाजम्यासह निघाला. खरा डाव तुर्क बंडखोरांना बेसावध पकडण्याचा होता. तो साधला, आणि आजच्या किर्गिझस्तानातल्या सुयाबहूनच पेई माघारी फिरला. नर्सेह पुढे तोखारिस्तानात वीस वर्षं झगडला, अनुयायी पांगत गेले, आणि अखेर तोही चांगआनला परतला. राजपुत्राची किंमत सीमेवरच्या राजकारणात किती, हे त्या परतवाटेवर कळतं.

गाओझोंगच्या समाधीसमोर आजही 61 दगडी पुतळे उभे आहेत, बहुतेक सगळे शिरविरहित. त्यांच्या पाठीवर नावं आणि हुद्दे कोरलेले होते. बरीचशी अक्षरं झिजली, पण ती जुन्या काळी उतरवून घेतली गेली होती, म्हणून त्यांत पेरोजचं नाव सापडतं.

सामान्य निर्वासितांचं काय झालं? 787 मध्ये ली मी या मंत्र्याने चांगआनमध्ये अडकून पडलेल्या पश्चिमेकडच्या परदेशी लोकांचे भत्ते बंद केले आणि सुमारे चार हजार जणांना ‘शेन्त्से’ या राजरक्षक सैन्यात घातलं. सू-ल्यांग नावाच्या इराणी अधिकाऱ्याचं घराणं असंच सैन्यात आलं असावं. शिआनमध्ये 1955 मध्ये सापडलेल्या एका थडग्याच्या दगडावर हे नाव आहे. ‘सू’ म्हणजे सासानी काळातलं बडं सुरेन घराणं, असं मानतात.

दगडावर वरच्या बाजूला पहलवी, म्हणजे सासानी इराणच्या भाषेतला, आणि खाली चिनी मजकूर. दगड सव्वीस वर्षांच्या एका स्त्रीचा. पहलवी मजकुरात तिला अहुर मझ्दाजवळ, म्हणजे जरथुष्ट्री धर्मातल्या परमेश्वराजवळ, जागा मिळो, अशी प्रार्थना आहे. 845 मध्ये सम्राटाने परकीय धर्मांची मंदिरं बंद पाडली होती, त्यानंतर जेमतेम तीस वर्षांनी हे कोरलं गेलं.

मृत्यूची तारीख तीन कालगणनांत दिली आहे: यज्दगर्दी 240, अरबांचं (हिजरी) 260 आणि चिनी सम्राटाचं पंधरावं वर्ष. यज्दगर्दी शक तिसऱ्या यज्दगर्दच्या 632 मधल्या राज्यारोहणापासून मोजतात. मुंबईच्या पारशी पंचांगात तोच आजही चालतो. त्याचं वर्ष सरळ 365 दिवसांचं, लीप दिवस नाही, त्यामुळे नववर्ष दर चार वर्षांनी एकेक दिवस मागे सरकतं. दगडावरचा महिना बारावा, दिवस पाचवा. हे सरकणं धरून गणित केलं तर तारीख मार्च 872 मध्ये येते. चिनी तारीखही मार्चचीच, पण 874 ची, आणि अरबी वर्ष तिच्याशी जुळतं. दोन वर्षांचा हा फरक कशामुळे, यावर अभ्यासकांची मतं वेगवेगळी आहेत. ती स्त्री सू-ल्यांगची कोण, हाही वाद आहे: चिनी मजकूर तिला पत्नी म्हणतो, पहलवी मजकूर मुलगी.