सायकलच्या रिमची झीज

ज्या सायकलीचे ब्रेक रिमला दाबून चाक थांबवतात, तिची रिम हा ब्रेकचाच अर्धा भाग असतो. ब्रेकचे रबर झिजते तशी रिमही झिजते. रबर बदलायचे असते हे सगळ्यांना ठाऊक असते. रिमही कधीतरी बदलावी लागते हे अनेकांना ती फाटल्यावरच कळते. रिम वापरायोग्य आहे का, हे तिच्या कडेच्या भिंतीत किती धातू उरला आहे यावरून ठरते. ‘चाक आउट नाही, म्हणजे फिरताना डगमगत नाही, तर रिम चांगली’ हा पुण्यात सर्रास ऐकू येणारा समज धोक्याचा आहे. आउट काढताना तारांचा ताण जुळवला जातो, भिंतीची जाडी त्यात कोठेच तपासली जात नाही. पार पातळ झालेली रिमही अगदी सरळ फिरू शकते.

हा प्रश्न मुख्यतः ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या रिमचा आहे. दांड्यांच्या ब्रेकच्या जुन्या काळ्या सायकलींत रबर रिमच्या आतल्या, हबकडच्या म्हणजे चाकाच्या मध्याकडच्या अंगाला टेकते आणि रिम पोलादी असते. तिथे निपलच्या, म्हणजे तारेचे टोक रिममध्ये धरणाऱ्या छोट्या नळीच्या, भोकांभोवतीचा गंज पाहावा लागतो. कर्वेनगरच्या विक्रम पेंडसे सायकल संग्रहालयात अशा सायकली जवळून पाहता येतात. डिस्क ब्रेकच्या सायकलींत रिमला रबर लागतच नाही.

रिम झिजवण्यात निव्वळ रबराचा वाटा थोडा असतो. खरे काम करते ती रबरात रुतलेली बारीक कच. पुण्याच्या रस्त्यांवरची खडी काळ्या बेसाल्ट दगडाची असते आणि तिचा चुरा रिमच्या धातूपेक्षा कठीण असतो. जून ते सप्टेंबर हा चुरा पाण्यात कालवला जाऊन थेट रिमवर उडतो. रिमवरून खरवडलेला धातू लगेच ऑक्साइड होतो, आणि ॲल्युमिनियम ऑक्साइड तर पॉलिश पेपरवर वापरण्याइतके कठीण असते. पावसात ब्रेकमधून निघणारा काळा राडा तो हाच. त्यात भर घाटांची. सिंहगडाच्या गाडीरस्त्याने पायथ्यापर्यंत सुमारे ६०० मीटर उंची उतरताना स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो वजन धरले, तर जवळजवळ ५ लाख ज्यूल ऊर्जा खर्ची पडते. एवढ्या उष्णतेत दीड लिटर पाणी उकळेल. काही भाग हवेच्या विरोधात जातो, पण वळणावळणाच्या उतारावर बराच वाटा ब्रेकवरच येतो. पुण्याजवळच्या बोपदेव आणि दिवे घाटांची गतही तीच. म्हणून रिमचे आयुष्य किलोमीटरमध्ये सांगता येत नाही. फक्त उन्हाळ्यात सपाटीवर चालणारी रिम वर्षानुवर्षे टिकते, तर पावसाळाभर घाट करणारी फार लवकर संपते.

पातळ भिंत एवढी घातक का, याचे उत्तर टायरमधल्या हवेत आहे. रोड सायकलच्या टायरमध्ये १०० पौंडांच्या आसपास हवा असते आणि तिच्या दाबाने टायरची कड भिंतीला सतत बाहेर ढकलते. भिंत हा ताण पेलेनाशी झाली की आधी फुगते, मग लांबलचक चिरते. ट्यूब तत्क्षणी फुटते आणि उसवलेला धातू ब्रेकमध्ये अडकून चाक जाम होऊ शकते. हे हवा भरताना घडले तर माणूस बचावतो, उतारावर पुढच्या चाकाचे घडले तर जीवावर बेतते.

तपासणीची सुरुवात खुणेपासून करावी. बऱ्याच रिमच्या ब्रेकपट्टीवर, म्हणजे रबर घासते त्या पट्टीवर, गोलाकार खाच किंवा बारीक खळगे असतात. ते झिजून नाहीसे झाले की रिम संपली. काही रिममध्ये उलट असते, आतून पाडलेले छिद्र झिजेनंतर बाहेर दिसू लागते. खूण नसेल तर पोलादी पट्टी ब्रेकपट्टीवर आडवी धरून उजेडाकडे पाहावे. मध्ये फट दिसली तर झीज झाली आहे, पण किती, हे मोजल्याशिवाय कळत नाही. जाडी मोजायचे साधे व्हर्निअर इथे फसवते, कारण त्याचे सपाट जबडे खोलगट भागावरून आणि टायर अडकवणाऱ्या आतल्या ओठावरून तरंगत राहतात. टायर काढून भिंतीच्या दोन्ही अंगांना माहीत जाडीच्या ड्रिलचे गुळगुळीत दांडे धरावेत, एकूण माप घ्यावे आणि दांड्यांची जाडी वजा करावी. हे चाकावर अनेक ठिकाणी करून सर्वांत कमी आलेला आकडा धरावा, सरासरी नव्हे. नवी भिंत साधारण दीड मिलिमीटरच्या आसपास असते. निर्मात्याने मर्यादा दिली असेल तर ती पाळावी. नसेल तर १ मिलिमीटरखाली गेलेली रिम बदलणेच शहाणपणाचे.

टायर रिकामा असतानापेक्षा हवा भरल्यावर रिमची रुंदी स्पष्टपणे वाढत असेल, किंवा ब्रेक दाबताना एकाच जागी धक्का बसू लागला असेल, तर मोजत बसू नये, सायकल चालवणे थांबवावे. निपलच्या भोकांपासून निघालेली चीरही तितकीच निर्णायक असते. ती तारांच्या ताणाने पडते आणि झिजेशी तिचा संबंध नसतो.

झीज लांबवता येते. पावसातून आल्यावर रिम पुसावी, रबरात चमकणारे धातूचे कण टाचणीने उपटून काढावेत, आणि रबर गुळगुळीत घट्ट झाले असेल तर बदलावे.

रिम बाद झाली म्हणून सारे चाक टाकावे लागत नाही. हब चांगला असेल तर त्याच मापाची नवी रिम त्यावर बांधता येते. काढलेली रिम मात्र भंगारात देण्यापूर्वी करवतीने कापावी. जुन्या बाजारात धुऊनपुसून मांडलेली रिम वरवर पाहता नव्यासारखी दिसते, आणि ती घेणारा बहुधा कमी पैशांत सायकल उभी करणारा विद्यार्थी किंवा कामगार असतो.